मोटारीची समोरची काच

काच बसवायच्या आधी मी तिच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवतो. चारी बाजूंनी, सावकाश. दुकानातली माणसं मागून हसतात. त्यांना वाटतं, म्हाताऱ्याची खोड आहे. इथं, घरापासून हजारेक किलोमीटर लांब, समुद्राकाठच्या परक्या भाषेच्या गावात ही खोड कुठून आली हे कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. मी कधी सांगितलेलंही नाही. लिहायची सवय नाही, सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. पण आता डोळे कमी झालेत, हात कापतो, तेव्हा एकदा लिहून टाकतो.

मी मुखेडकडचा. पहिल्या मोठ्या दुष्काळात बापानं मला वर्गातून उठवलं आणि तलावाच्या कामावर माती वाहायला लावलं. तलाव झाला, पाऊसही झाला, मी मात्र शाळेत परत गेलो नाही. पुढं दहा-बारा वर्षं मिळेल ते काम केलं. लग्न झालं, मुलगी झाली. आणि पुन्हा दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली, तेव्हा नांदेडच्या एका काचवाल्यानं मला हाताखाली घेतलं. त्याला सगळे उस्ताद म्हणत. लातूर त्या दिवसांत नुकतंच जिल्हा झालं होतं. जिकडं बघावं तिकडं नवी कचेरी, नवा बंगला, नवा रस्ता, आणि प्रत्येक खिडकीला काच पाहिजे. उस्तादनं तिथं दुकान टाकलं आणि मला म्हणाला, चल. दुकानामागच्या खोलीत मी, बायको आणि मुलगी राहायचो. भाडं घ्यायचा नाही. आठवड्यातून एकदा त्याच्या घरून सालन यायचं. मी त्या माणसाचं किती देणं लागतो ते मला लिहिता येणार नाही.

आणि भीतीही तितकीच. रोज सकाळी शटर वर ढकलताना वाटायचं, आज माझ्या हातून काही फुटणार, आज हा म्हणणार, जा बाबा आता गावाकडं. गावाकडं विहिरीत गाळ तेवढा होता.

गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एक अडते होते, त्यांना लोक अप्पा म्हणत. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात हैदराबादेहून एक मोटार आणली होती. बाटलीच्या काचेसारखी हिरवी, बेडकासारख्या डोळ्यांची. वर्षातून चार-पाच वेळाच बाहेर निघायची, पण सगळं लातूर तिला ओळखायचं. नव्या कचेरीच्या रस्त्याचं काम चाललं होतं. तिथं खडीच्या ट्रकमागून जाताना एक दगड उडाला आणि तिची समोरची काच गेली. अप्पांना तर जिल्ह्याच्या नव्या मोठ्या साहेबांना त्याच मोटारीत बसवून घरी जेवायला आणायचं होतं. उस्तादनं दोन महिने खटपट करून हैदराबादच्या भंगारवाल्याकडून तसलीच काच मिळवली. दोन पातळ काचा एकमेकींना चिकटवून केलेली, कडांना किंचित वळलेली. ती लातुरात कापून होण्यासारखी नव्हती. बिनकाचेची मोटार चार लोकांत फिरवायला अप्पा तयार नव्हते, म्हणून काच त्यांच्या घरी जाऊन बसवायची ठरली.

ठरलेल्या दिवशी नांदेडला उस्तादचे सासरे वारले. जाता जाता तो मला म्हणाला, तू चार वेळा बघितलंयस, तूच बसव. वर हसून म्हणाला, "फुटली तर मला तोंड दाखवू नको, बेटा." तो चेष्टेत म्हणाला होता. मला त्या काळात चेष्टा कळत नसे.

अप्पांचं अंगण मोठं, मधोमध कडुलिंब, त्याखाली मोटार. ओट्यावर अप्पांची आई बसलेली. कपाळभर इबित्ती, म्हणजे भस्म, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिला अव्वा म्हणत. अंगणातल्या हौदाच्या झाकणाला कुलूप होतं आणि ती किल्लीही त्याच जुडग्यात. टँकर कधी चौथ्या दिवशी यायचा, कधी आठव्या. त्या घरात कोण किती पाणी पिणार, कोण अंघोळ करणार, हे अव्वा ठरवायची.

घरात आणखी एक बाई होती. अप्पांच्या धाकट्या भावाची बायको. तो भाऊ लग्नानंतर आठ महिन्यांत तापानं गेला होता. तिला सगळे धाकटी म्हणत. ही माहिती मी विचारली नव्हती. अव्वानंच ती मला, म्हणजे त्या अंगणाला, सकाळपासून ऐकवली. पांढऱ्या पायाची आली, लेकरू खाल्लं माझं, देगलूरला भावांकडं जा म्हणलं तर भाऊ दारात उभं करत न्हाईत. धाकटी तिथंच खाली वाकून अंगण झाडत होती. तिच्या झाडूची गती कमी झाली नाही की वाढली नाही.

आता काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. काचेच्या चारी बाजूंनी रबराची जाड पट्टी बसवतात. तिला दोन खाचा. एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत मोटारीच्या पत्र्याची कड. दुसऱ्या खाचेत सगळीकडून सुतळी फिरवून घ्यायची आणि तिची टोकं मोटारीच्या आत सोडायची. मग एकानं बाहेरून तळव्यांनी काच दाबायची आणि दुसऱ्यानं आत बसून सुतळी ओढायची. सुतळी निघत येते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढतो. सगळं अवलंबून साबणाच्या पाण्यावर. रबर ओलं, बुळबुळीत असेल तर चढतं. वाळलं की धरून बसतं.

मी एक बादली पाणी मागितलं. अव्वा म्हणाली, काचेला न्हाऊ घालतोस का? मग कुठला, कुणाचा, ते विचारलं. गाव सांगितलं, गावातली आमची गल्लीही सांगितली. लपवायचं नाही हे माझ्या बापानं शिकवलं होतं.  तिनं मला बादली जमिनीवर ठेवून मागं सरायला लावलं आणि वरून एक तांब्या ओतला. "यवढ्यात भागव," म्हणाली आणि कुलूप लावून पूजेला गेली.

एका तांब्याचं पाणी चैत्रातल्या उन्हात किती टिकणार? वरची बाजू बसली, डावी बसली. अप्पा बाहेरून काच दाबत होते, धोतर खोचून, घामाघूम. मी आत सुतळी ओढत होतो. उजवीकडचा खालचा कोपरा राहिला तेव्हा बादलीत नुसता साबणाचा चिखल उरला होता. रबर पांढरं पडायला लागलं. तेवढ्यात गंजातून माणूस आला आणि अप्पा त्याच्याशी बोलत बैठकीत गेले. मी एकटा राहिलो.

पुन्हा पाणी मागायची माझी छाती झाली नाही. आज सांगायला किती सोपं वाटतं, की तोंड उघडायचं, पूजा संपेपर्यंत थांबायचं. पण मला वाटलं, थांबलो तर रबर वाळेल, मग सगळं उतरवावं लागेल, मग उस्तादला कळेल. मी पेचकस काढला. रबराखाली घातला आणि ओठ वर उचलायला लागलो. हे करायचं नसतं. चारही वेळा उस्तादनं सांगितलं होतं, लोखंड काचेला लावायचं नाही.

टक् असं वाजलं. अगदी बारीक, दाताखाली खडा यावा तसं.

रबर बाजूला करून बघितलं. काचेच्या कडेचा ज्वारीच्या कणीएवढा टवका उडाला होता. मी रबर परत तिथं दाबलं. रबराखाली काही दिसत नव्हतं.

"काय वाजलं?"

मागं मोटारीच्या उघड्या दाराशी धाकटी उभी होती. हातात पितळेची लहान चरवी, पाण्यानं भरलेली. मी म्हटलं, काही नाही, साबण वाळला म्हणून रबर वाजतंय. तिनं मोटारीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि चरवी पुढं केली. मी खाली उतरून सवयीनं बादली जमिनीवर ठेवली आणि मागं सरलो. ती म्हणाली, "धरा की, दादा. माझ्या वाटणीचं हाय. आज म्या अंघूळ केली न्हाई."

तिनं चरवी माझ्या हातात दिली. वरून ओतली नाही, खाली ठेवली नाही, हातात दिली. त्या गावात राहून मला वर्ष होत आलं होतं आणि उस्ताद सोडला तर असं कुणी केलं नव्हतं.  आभार मानायचे होते, पण ती वळली होती. जाता जाता म्हणाली, अव्वा उठायच्या आत वापरून टाका.

त्या पाण्यानं कोपरा लोण्यासारखा चढला. अप्पा परत आले, दोन ठिकाणी हलकं दाबलं आणि काच बसली. मी आतून बाहेरून पुसून काढली. लिंबाची पानं तिच्यात स्वच्छ दिसत होती. अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. टवका रबराखाली होता. मला वाटलं, तो आता कायमचा तिथंच राहील.

आमच्याकडं नवा बैल, नवी गाडी घरात आली की घरची वडीलधारी सवाष्ण तिच्यावर पाणी ओवाळून टाकते. खुरांवर, चाकांवर टाकतात. अप्पांचे वडील खूप आधी गेले होते, पण त्या घरातला हा मान अव्वानं थोरल्या सुनेकडं, अप्पांच्या बायकोकडं, जाऊ दिला नव्हता. तिला चाकांवर पाणी टाकायचं नव्हतं. काच नवी, तर पाणी काचेवर पडलं पाहिजे. आणि ते शेजाऱ्यांना दिसलंही पाहिजे. दुष्काळात एक घागर नुसती ओतून द्यायची ऐपत कितीजणांची होती?

मोटार ढकलून फाटकाजवळ उन्हात आणली, पूर्वेकडं तोंड करून. मुहूर्ताला अवकाश होता. तासभर ती तशीच उभी राहिली. गल्लीतल्या बायका जमल्या. काचेवर हात ठेवला तर चटका बसत होता. काच तापली आहे, पाणी घालू नका, हे मला ठाऊक होतं. पण उस्तादचं काम ते, मी हाताखालचा. त्या घरच्या बाईला कसं सांगायचं, असं म्हणून मी गप्प बसलो. खरं कारण दुसरं होतं. बोललो असतो तर कुणी विचारलं असतं, का रे, काचेत काही खोट आहे का?

अव्वानं माजघरातल्या रांजणातली गार घागर आणली, कुंकू लावलं, काहीतरी पुटपुटली आणि सगळी घागर काचेवर ओतली.

आधी काही झालं नाही. पाणी ओघळलं, खाली वाळकी धूळ होती ती भिजून फुगली. एक बाई म्हणालीसुद्धा, बघा कशी चमकायली. मग उजव्या कोपऱ्यातून, त्याच कोपऱ्यातून, एक रेघ निघाली. तिला घाई नव्हती. कोपऱ्यातून मधोमध आली, तिथं जराशी थांबल्यासारखी झाली आणि वाकून वर छताकडं गेली. काच जागची हलली नाही. नुसती दोन झाली.

 अप्पा माझ्याकडं बघत होते.  तेवढ्यात अव्वाची नजर मोटारीच्या चाकाशी गेली. तिथं चरवी होती. ती परत करायची मला आठवण राहिली नव्हती.

"ही धाकटीची चरवी इथं कशी?"

मी सांगितलं, की पाणी कमी पडलं म्हणून त्यांनी आणून दिलं. ते मी तिला वाचवायला सांगितलं का स्वतःला, हे मला अजून कळलेलं नाही. अव्वानं एवढंच ऐकलं, की हिच्या हातचं पाणी आधी लागलं काचेला. धाकटी माजघराच्या दारात, उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून उभी होती. विधवेनं असल्या वेळी समोर यायचं नसतं आणि ती आली नव्हती. अव्वानं तिला मनगटाला धरून अंगणात ओढलं. शेजारणींच्या मधोमध उभं केलं. मग जे बोलली ते सगळं मी लिहीत नाही. नवरा खाल्ला, आता घरची मोटार खाल्ली, असं सुरू झालं ते तिच्या आईपर्यंत गेलं. बायका ऐकत होत्या. एकीनं पदर तोंडाला लावला होता, पण ती हसत होती हे मला दिसलं. अप्पा मोटारीच्या बॉनेटवरचं पाणी धोतराच्या टोकानं पुसत राहिले.

धाकटी रडली नाही. अव्वा दम घ्यायला थांबली तेव्हा ती म्हणाली, "माझ्या पाण्याच्या आधी कायतरी वाजलं व्हतं. त्यांनाच इचारा."

सगळ्या अंगणानं माझ्याकडं बघितलं. अव्वा म्हणाली, "वाजलं व्हतं का रे?"

मला त्या वेळी दुकानामागची खोली दिसली. दोरीवर वाळत घातलेलं मुलीचं झबलं दिसलं. धाकटी माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. ज्याला खरं ठाऊक आहे त्याच्याकडं माणूस जसं बघतं, तसं ती बघत होती.

"न्हाई, अव्वा," मी म्हणालो.

"बरं," धाकटी म्हणाली. एवढंच. आणि आत गेली.

मी सामान आवरायला लागलो. चरवी उचलून ओट्यावर ठेवायला गेलो तर अव्वानं हात आडवा केला. तू हातात धरलेली चरवी आमच्या काय कामाची, म्हणाली, घेऊन जा. मी घेऊन आलो. बायकोनं राख लावून घासली, उन्हात धरून बघितली. पितळ चांगलं जाड होतं. ती खूश झाली. कुणी दिली म्हणाली. गिऱ्हाइकानं, मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी उस्ताद परत आला. मी सांगितलं, गार पाणी टाकलं म्हणून फुटली. तो मला घेऊन अप्पांकडं गेला. बोलता बोलता त्यानं उजव्या कोपऱ्याचं रबर उलटं केलं आणि काचेच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एका ठिकाणी नख थांबलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. रबर परत बसवलं आणि अप्पांना म्हणाला, जुना माल आहे शेठ, नशीब असतं, मी दुसरी आणतो. अव्वा ओट्यावरून म्हणाली, नशीब कसलं, आम्हाला ठाऊक हाय कुणाचे पाय. उस्तादनं मान डोलावली.

 रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, पाणी पडलं नसतं तरी ही जाणारच होती. महिन्यानं, दोन महिन्यांनी, पहिल्या खड्ड्यात. तू फोडलीस.

मी म्हटलं, मग जाऊन सांगू का त्यांना?

"सांग की," तो म्हणाला. "मुखेडची यष्टी कुठल्या फलाटावर लागते, ठाऊक आहे ना?"

मी रस्त्यातच खाली वाकून त्याचे पाय धरले. लोक बघत होते. त्यानं पाय सोडवून घेतले आणि पुढं चालायला लागला. त्या दिवसापासून तो मला बेटा म्हणाला नाही. पण ठेवून घेतलं. खोली राहिली, मुलगी नव्या जिल्ह्याच्या शाळेत गेली, मी धंदा शिकलो. त्या उपकाराची जाणीव मला आजही आहे आणि तो उपकार कशाच्या बदल्यात मिळाला, तेही ठाऊक आहे.

महिन्याभरात दुसरी काच आली. साहेबांचं जेवण पुढं ढकललं होतं. या वेळी उस्ताद बरोबर होता, पण झाडाखाली खुर्ची टाकून बसला आणि सगळं काम मला करायला लावलं. मी कडेवरून नख फिरवलं. पाणी दुकानातूनच डब्यात भरून नेलं होतं, मागायला लागू नये म्हणून.

अंगण झाडलेलं नव्हतं. लिंबाची पिवळी पानं चाकांखाली साचली होती. अप्पा काच दाबता दाबता सहज बोलल्यासारखं म्हणाले, धाकटीला देगलूरला पाठवलं, मुनीमाबरोबर. भाऊ न्यायला आले नाहीत. मुनीम दारात सोडून परत आला. पुढं काय झालं, ते त्यानं बघितलं नाही. सुतळी ओढत मी ऐकलं. माझे हात थांबले नाहीत. त्या हातांना आता काम येत होतं.

काच एका दमात बसली. कुठं रबर धरलं नाही, कुठं वाजलं नाही. उस्ताद उठला, चारी कोपरे दाबून बघितले आणि परत खुर्चीत बसला. या वेळी पाणी ओवाळलं ते चाकांवरच. अव्वा ओट्यावरून उतरून मोटारीपाशी आली. काचेत स्वतःचा चेहरा बघितला, कपाळावरची इबित्ती सारखी केली. मला म्हणाली, "घर निर्मळ झालं की बघ कशी बसली. हाय का न्हाई?"

"हाव, अव्वा," मी म्हणालो.

तिनं मला शेंगदाण्याचा लाडू दिला, वरून हातात टाकून. मी तो तिथंच खाल्ला.

घरी आलो तेव्हा घशाला कोरड पडली होती. बायकोनं चरवीतून पाणी आणून दिलं. मी उभ्यानंच सगळं प्यालो आणि आणखी मागितलं.